शास्त्रीय मराठींतील ‘जल’

नव्या वस्तूला नांव देण्याचा प्रसंग आला म्हणजे मनुष्य बहुधा जुन्या, ओळखीच्या वस्तूचा आधार घेतो. आणि पाण्याइतकी जुनी ओळख दुसऱ्या कोणत्या वस्तूची असणार? शास्त्रांच्या व वैद्यकाच्या परिभाषेंत पाण्याच्या नांवानें आरंभ होणारे शब्द म्हणूनच इतके विपुल आहेत. ग्रीक भाषेंत पाण्याला ‘हुदोर’ म्हणत. त्यापासून ‘हायड्रो’ हा उपसर्ग निघाला आणि युरोपांतील पंडितांनीं तो रसायनापासून शस्त्रक्रियेपर्यंत सर्वत्र लावला. आपल्याकडे संस्कृतांतील ‘जल’ शब्दानें तेंच काम केलें. यांत मौजेची गोष्ट अशी कीं, ग्रीक ‘हुदोर’, इंग्रजी ‘वॉटर’ आणि संस्कृत ‘उदक’ हे तिन्ही शब्द एकाच मूळ धातूचे वंशज आहेत. संस्कृतांत पाणमांजराला ‘उद्र’ म्हणतात, तर ग्रीक पुराणांतील जलसर्पाचें नांव ‘हायड्रा’. हीं दोन्ही नांवें त्याच घराण्यांतलीं. म्हणजे ज्या उपसर्गाला आपण परका समजतों त्याचें आपल्या भाषेशीं जुनें नातें आहे.

या शब्दांची मराठींतील हकीकत पहावयाची तर कृष्णेच्या कांठानें जाणें सोयीचें आहे. महाबळेश्वरीं उगम पावलेली ही नदी वाईवरून वाहते, कऱ्हाडास तिला कोयना मिळते, आणि पुढें ती सांगलीस येते. मिरज तेथून दोन कोसांच्या अंतरावर आहे. हा सारा टापू पूर्वीं सातारा जिल्हा व दक्षिणेंतील लहान संस्थानें यांत वांटलेला होता. १९४९ सालीं ‘दक्षिण सातारा’ असा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० सालीं त्याला सांगली हें नांव मिळालें. शास्त्रीय मराठीचे तीन मोठे व्यवहार याच कांठावर घडले : मिरजेस वैद्यकाचा, कोयनेस स्थापत्याचा व विजेचा, आणि वाईस कोशरचनेचा. तिन्ही ठिकाणीं पाण्याच्या शब्दांची कसोटी लागली.

प्रथम वैद्यकाकडे वळूं. ‘जलोदर’ हा मराठी घरांतून सर्वांना ठाऊक असलेला शब्द फार प्राचीन आहे. चरकानें उदररोगाचे आठ प्रकार सांगितले आहेत, त्यांतील शेवटचा प्रकार पोटांत पाणी सांठण्याचा. सुश्रुत त्याला ‘दकोदर’ म्हणतो. ‘दक’ म्हणजे पाणीच. सुश्रुतानें या रोगावर शस्त्रक्रियाहि सांगितली आहे. व्रीहिमुख नांवाच्या, साळीच्या टोकासारख्या अणकुचीदार शस्त्रानें नाभीखालीं डाव्या बाजूस वेध करावा, नळी घालून पाणी काढावें, पण सारें पाणी एकाच दिवशीं काढूं नये, आणि नंतर पोट वस्त्रानें आवळून बांधावें, असा त्याचा आदेश आहे. सांठलेलें पाणी एकदम काढल्यास रोगी खचतो, हें त्याच्या अनुभवाला आलें होतें. आजहि असें पाणी फार मोठ्या प्रमाणांत काढावयाचें असतां रक्तदाब उतरूं नये म्हणून डॉक्टर विशेष काळजी घेतात.

१८८९ सालीं हिंदुस्थानांत आलेल्या डॉ. विल्यम वानलेस यांनीं १८९४ सालीं मिरजेस रुग्णालय उघडलें. पुढें त्याची कीर्ति इतकी पसरली कीं मराठी व कानडी अशा दोन्ही मुलखांतून रोगी तेथें येऊं लागले. अशा ठिकाणीं ‘जलोदर’ सारख्या शब्दाचा एक मोठा उपयोग दिसतो. हा शब्द मराठींतहि आहे आणि कानडींतहि आहे. संस्कृतांतून आलेली परिभाषा बोजड वाटते, असा आक्षेप नेहमीं घेतला जातो; परंतु दोन भाषांच्या सीमेवर तीच परिभाषा दुभाष्याचें काम करिते, हेंहि विसरतां कामा नये.

तथापि रोगी स्वतः ‘जलोदर’ म्हणतोच असें नाहीं. तो म्हणतो, “पोटांत पाणी झालें.” छातींत पाणी झालें, गुडघ्यांत पाणी झालें, डोक्यांत पाणी झालें, अशी बोली मराठीची एक सरळ घडण आहे. ग्रीक उपसर्गानें युरोपियन वैद्यांनीं जें साधलें, तें बोलीनें ‘पाणी होणें’ या दोन शब्दांत साधलें. मात्र या सोयीबरोबर एक धोकाहि येतो. पोटांत सांठणारा द्रव हें नुसतें पाणी नसतें. त्यांत क्षार असतात, प्रथिनें असतात. शिवाय तें सांठणें हा मूळ रोग नसून रोगाचें लक्षण असतें. यकृत कठीण होणें, हृदय दुर्बळ होणें, मूत्रपिंड बिघडणें, आंतड्यांवरील आवरणास क्षय होणें, कर्करोग होणें, अशीं त्याचीं अनेक कारणें आहेत. ‘पाणी झालें’ एवढेंच कळलें कीं रोगी पाणी पिणें कमी करितो, पाणी काढून घेतो, आणि बरें वाटलें म्हणजे घरीं जातो. कारण मात्र आंत तसेंच राहतें. ‘जलशीर्ष’ या शब्दाचीहि तीच कथा. अर्भकाचें डोकें वाढतें तें मेंदूभोंवतालच्या द्रवाचा मार्ग अडल्यामुळें किंवा त्याचें शोषण नीट न झाल्यामुळें. पाणी अधिक पाजल्यामुळें नव्हे. नांवानें लक्षण सांगितलें, कारण सांगितलें नाहीं.

ज्या शब्दानें सर्वांत अधिक घोटाळा केला तो शब्द ‘जलसंत्रास’ होय. पिसाळलेलें कुत्रें चावून ज्याला हा रोग होतो त्याला पाणी पाहतांच घशाचे झटके येतात. ग्रीकांनीं यावरून रोगाला ‘हायड्रोफोबिया’, म्हणजे पाण्याची भीति, असें म्हटलें. सुश्रुतानेंहि या अवस्थेला ‘जलत्रास’ असें नांव दिलें आणि तें मरणाचें चिन्ह म्हणून सांगितलें. दूर दूरच्या दोन संस्कृतींनीं एकच लक्षण पाहून एकच नांव द्यावें, यांत दोघांच्याहि निरीक्षणाची थोरवी दिसते. पण हें लक्षण माणसाचें आहे, कुत्र्याचें नव्हे. पिसाळलेलें कुत्रें पाण्याला भितेंच असें नाहीं. तें पाणी पिण्याची धडपड करील, पाण्यांतून पोहूनहि जाईल. नांवाच्या भरंवशावर लोकांनीं मात्र कुत्र्याची परीक्षा पाण्यानें घेण्याची पद्धत पाडली. कुत्र्यानें पाणी प्यालें, तेव्हां तें पिसाळलेलें नाहीं, असा निर्णय घरींच झाला कीं चावलेल्या मुलाला टोंचून घेण्याचे मोलाचे दिवस फुकट जात. पाश्चरनें १८८५ सालीं या रोगावर माणसाला पहिल्यानें लस टोंचली. हिंदुस्थानांत कसौली येथील संस्था १९०० सालीं निघाली. उपाय होता, पण तो लक्षणें दिसण्यापूर्वीं करावा लागे. एकदां पाण्याचे झटके सुरू झाले म्हणजे रोगी बहुधा हातचा जातोच, आणि ही गोष्ट अजूनहि बदललेली नाहीं.

वाई येथील कोशकारांनीं या रोगाची नोंद ‘अलर्क रोग’ या नांवाखालीं केली. ‘अलर्क’ म्हणजे पिसाळलेलें कुत्रें. हा शब्द लोकांच्या तोंडीं बसला नाहीं. लोक ‘रेबीज’ म्हणतात किंवा ‘कुत्र्याचा रोग’ म्हणतात. तरी त्यामागील विचार खरा होता. नांव भीतीवरून न देतां रोग जेथून येतो त्यावरून द्यावें, हा तो विचार. आणि पाण्याला भिणाऱ्या या रोगाचा पहिला उपचार पाण्याचाच आहे, हा दैवाचा खेळ म्हणावा लागेल. चावा झालेली जागा वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी आणि लगोलग लस घ्यावी, असा आजच्या वैद्यकाचा आदेश आहे.

आतां रसायनाकडे पाहूं. १७६६ सालीं इंग्लंडांत कॅव्हेंडिशनें एका ज्वालाग्राही हवेचें परीक्षण केलें. ती जळली म्हणजे पाणी होतें, हें पुढें सिद्ध झालें, आणि लव्हाज्ये व त्याचे सहकारी यांनीं १७८७ सालच्या आपल्या नव्या परिभाषेंत तिला ‘हायड्रोजन’, म्हणजे पाणी उत्पन्न करणारा, असें नांव दिलें. जर्मनांनीं त्याचें भाषांतर करून ‘पाण्याचें द्रव्य’ अशा अर्थाचा शब्द केला. रशियनांनीं व जपान्यांनींहि आपापल्या भाषेंत तेंच केलें. मराठीनें काय करावें? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत येथील लेखकांनीं ‘उज्ज’ हा शब्द चालविला. ‘उद्’ म्हणजे पाणी व ‘ज’ म्हणजे जन्मलेला, असा त्याचा विग्रह होतो. पाण्याला जन्म देणारा तो पाण्यापासून जन्मलेला झाला. बाप मुलाच्या जागीं बसला! पण प्रयोगशाळेंत पाण्यापासून हा वायु मिळवितां येतो, तेव्हां हाहि अर्थ अगदींच खोटा नव्हे.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशानें १९२० नंतरच्या दशकांत अशा शब्दांना मोठें व्यासपीठ दिलें. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडाला तेव्हां ‘उद्धराम्ल’ म्हणत. ‘उद्’ आणि ‘हर’ यांचा संधि व्याकरणदृष्ट्या निर्दोष होता. पण ऐकणाऱ्याला त्यांत उद्धार ऐकूं येई, अम्लाचे घटक ऐकूं येत नसत. १९४८ सालीं य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांचा शास्त्रीय परिभाषा कोश निघाला. एका पिढीनें एकत्र केलेल्या अशा शब्दभांडाराचा हा मोठा संग्रह होता. स्वातंत्र्य नुकतेंच मिळालें होतें आणि उच्च शिक्षण मराठींतून व्हावें ही आकांक्षा प्रबळ होती. त्या श्रमांचें मोल शब्द टिकले किंवा न टिकले यावरून ठरवूं नये.

रसायनाच्या ‘हायड्रो’ मध्यें खरी अडचण वेगळीच आहे. हा उपसर्ग दोन अर्थांनीं वापरला जातो : कधीं पाणी, कधीं हायड्रोजन. तासगांवच्या द्राक्षबागांतून बोर्डो मिश्रणासाठीं मोरचूद व चुना नेहमीं वापरतात. मोरचुदाचा निळा खडा तापविला तर तो पांढरा पडतो, कारण त्याच्या स्फटिकांत सुमारें शेंकडा ३६ भाग पाणी असतें व तें निघून जातें. येथें ‘जल’ शब्द सर्वथा योग्य. कळीच्या चुन्यावर पाणी घातलें म्हणजे तो तापून फुटतो व विरतो. येथेंहि पाणीच चुन्याशीं संयोग पावतें, आणि गवंड्याच्या ‘चुना विरणें’ या दोन शब्दांत तें सारें रसायन सामावलें आहे. पण वनस्पति तुपाचें उदाहरण घ्या. पातळ तेलांत हायड्रोजन वायु मिळवून तें घट्ट करितात. त्या क्रियेंत पाण्याचा संबंध नाहीं. तिला ‘जल’ शब्द लावला असता तर तुपांत पाणी मिसळलें असाच समज गृहिणीचा झाला असता. ‘हायड्रोकार्बन’ या वर्गांत घासलेट येतें. त्यांतहि पाणी नसतें. म्हणजे ग्रीक उपसर्ग दिसला कीं ‘जल’ लिहावें, हा मार्ग सोपा असला तरी भलतीकडे नेणारा आहे.

या प्रश्नांचा पद्धतशीर विचार करण्याचा योग वाईस आला. वाई हें संस्कृत विद्येचें जुनें ठिकाण. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढें केवलानंद सरस्वती, यांची प्राज्ञपाठशाळा तेथेंच होती. त्यांचे शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे १९६० सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले, आणि मराठी विश्वकोशाचें कार्य त्यांच्या संपादकत्वाखालीं वाईस सुरू झालें. कोशाच्या आधीं शब्द ठरले पाहिजेत, म्हणून १९७३ सालीं परिभाषासंग्रह निघाला, आणि १९७६ सालीं विश्वकोशाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला.

न्याय, वेदान्त व व्याकरण यांत मुरलेल्या पंडिताच्या हाताखालीं तयार होणाऱ्या कोशांत ‘उज्ज’ आणि ‘उद्धराम्ल’ यांचें राज्य होईल, अशी कोणाचीहि अपेक्षा झाली असती. घडलें उलट. विश्वकोशानें ‘हायड्रोजन’ व ‘हायड्रोक्लोरिक अम्ल’ हे शब्द स्वीकारले. मूलद्रव्यांचीं नांवें सर्व जगाचीं आहेत, त्यांचीं चिन्हें व सूत्रें रोमन अक्षरांत लिहावीं लागतात, तेव्हां नांव एक व चिन्ह दुसरें असा दुहेरी भार विद्यार्थ्यावर घालूं नये, असा त्यामागील विवेक दिसतो. भारत सरकारनें १९६१ सालीं नेमलेल्या परिभाषा आयोगाचें धोरणहि हेंच होतें. पण जेथें क्रिया समजावयाची आहे तेथें विश्वकोशानें मराठी शब्द योजिला. पाण्याच्या योगानें संयुगाचे तुकडे होतात त्या क्रियेला ‘जलीय विच्छेदन’ म्हटलें. जेथें पाणी हें केवळ उदाहरण आहे आणि नियम सर्व द्रवांचा व वायूंचा आहे, तेथें ‘जल’ शब्द सोडून दिला आणि द्रव व वायु यांना मिळून ‘द्रायू’ असा नवा शब्द घडविला. त्या शास्त्राचें नांव ‘द्रायुयामिकी’. द्रवाची घनता मोजण्याच्या उपकरणाच्या युरोपीय नांवांत पाणी आहे, परंतु तें दुधांतहि सोडतात, मद्यांतहि सोडतात. मराठींत त्याला ‘तरकाटा’ म्हणतात. तरणारा कांटा, एवढ्यावरून त्याचें काम शाळकरी मुलालाहि कळतें. मूळ शब्दाचें भाषांतर न करतां वस्तूकडे पाहून नांव ठेवल्याचें याहून चांगलें उदाहरण सांपडणें कठीण.

वाईच्या दक्षिणेस, पाटण तालुक्यांत, याच काळांत दुसरा एक ‘जल’ शब्द लोकांच्या जीवनांत शिरत होता. कोयना प्रकल्पाची वीज १९६२ सालीं वाहूं लागली आणि ‘जलविद्युत्’ हा शब्द वर्तमानपत्रांतून घरोघर गेला. हा शब्द पुरेपूर रुजला आहे. पण तो ऐकून वीज पाण्यांतच असते व ती काढून घेतली कीं पाणी निःसत्त्व होतें, अशी शंका भोळ्या मनांत येऊं शकते. वस्तुतः वीज पाण्यांत नसून पाण्याच्या उंचीत आहे. कोयनेचें पाणी सह्याद्रीच्या पोटांतील बोगद्यांतून पश्चिमेस कोंकणांत पोफळीकडे उतरविलें आहे. पावणेपांचशें मीटरांच्या आसपास खालीं येणाऱ्या एक घनमीटर पाण्यांत सुमारें सव्वा युनिट वीज देण्याची शक्ति असते. जनित्राचें चाक फिरवून पाणी जसें आलें तसेंच पुढें जातें. निरनिराळे टप्पे पुरे होऊन या प्रकल्पाची शक्ति १,९६० मेगावॅटपर्यंत गेली. १९९९ सालीं धरणाच्या तळ्याला पाण्याखालून छिद्र पाडण्याचा अवघड प्रयोग येथें झाला, तेव्हां लोकांनीं त्याला ‘लेक टॅपिंग’ असेंच म्हटलें. शब्द घडविण्यास कोणास अवसर मिळाला नाहीं, आणि कामहि अडलें नाहीं.

सांगलीस मात्र शब्दावांचून अडतें. १९२९ सालीं बांधलेल्या आयर्विन पुलापाशीं कृष्णेची उंची फुटांत मोजतात. ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका. १९६७ च्या डिसेंबरांत भूकंपानें कोयनेच्या परिसराला हादरविलें, तसे २००५ व २०१९ च्या पुरांनीं सांगलीला हादरविलें. २०१९ च्या ऑगस्टांत पुलापाशीं पाणी ५७ फुटांच्या वर गेलें. अशा वेळीं वरच्या धरणांतून किती ‘क्यूसेक विसर्ग’ सोडला व धरणांत किती ‘टीएमसी’ सांठा आहे, अशा बातम्या येतात. एक क्यूसेक म्हणजे सेकंदास एक घनफूट, अथवा सुमारें अठ्ठावीस लिटर पाणी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटि घनफूट. हे शब्द जलविज्ञानाचे आहेत, परंतु नदीकांठच्या माणसाला त्यांचा अर्थ एकाच प्रश्नापुरता हवा असतो : आपल्या उंबऱ्याला पाणी कधीं लागेल? पुलावरचा फुटांचा आंकडा त्याला समजतो, कारण मागच्या पुराची खूण त्याच्या भिंतीवर असते. परिभाषेला लोकांच्या मापाशीं जोडलें नाहीं, तर अचूक आंकडाहि मुका राहतो.

शेवटीं एका अशा शब्दाचा उल्लेख केला पाहिजे कीं ज्यानें ही जोड उत्तम साधली. जुलाबांनीं शरीरांतील पाणी व क्षार निघून जातात, त्या अवस्थेला शास्त्रांत ‘निर्जलीकरण’ म्हणतात. जुन्या बायका ‘शोष पडला’ म्हणत. १९७१ सालीं बांगलादेशाचे निर्वासित सीमेवर बनगांव येथें आले असतां पटकीनें माणसें मरूं लागलीं. शिरेंतून देण्याचें सलाईन संपत आलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं साखर व क्षार घातलेलें पाणी तोंडावाटे पाजण्याचा मार्ग धरला, आणि शेंकडा तिसाच्या आसपास असलेलें मृत्यूचें प्रमाण चारांच्याहि खालीं आलें. आंतड्यांत साखरेबरोबर मीठ शोषलें जातें व त्यांच्यामागोमाग पाणी शरीरांत जातें, हें त्यामागील शास्त्र. महाराष्ट्रांतील आरोग्य केंद्रांतून या पाण्याला ‘जलसंजीवनी’ असें नांव पडलें. कच-देवयानीची कथा ऐकलेल्या आईला संजीवनी म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. एक लिटर उकळून निववलेलें पाणी, सहा लहान सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढी सामुग्री प्रत्येक घरांत असते. ती हाताशीं असूनहि मूल दगावूं नये, हें काम एका नांवानें सोपें केलें.

‘उज्ज’ गेला आणि ‘जलसंजीवनी’ राहिली. ‘जलोदर’ दोन हजार वर्षें टिकला आणि ‘उद्धराम्ल’ दोन पिढ्यांतच मागें पडलें. शब्द संस्कृत आहे कीं परका, यावर त्याचें आयुष्य ठरलें नाहीं. ज्या शब्दानें वस्तु दाखविली तो राहिला, आणि ज्यानें दुसऱ्या शब्दाची केवळ छाया धरली तो गेला. जलसंत्रासासारखा एखादा शब्द राहूनहि घात करितो. तेव्हां शब्द रुजविण्याइतकेंच त्याचा अर्थ वेळोवेळीं निवळून घेणें हेंहि भाषेचें काम आहे. पाणी निवळलें म्हणजे तळ दिसतो. परिभाषेचीहि परीक्षा हीच.